प्लेलिस्ट: ॲपची तयार, स्वतः लावलेली की पेनड्राइव्हवरची?

अभ्यासाला वेगळी गाणी, प्रवासाला वेगळी, पहाटेला वेगळी अशी सोय करायची तर तीन वाटा आहेत. ॲपने आपणहून बनवलेलं मिक्स, पैसे भरून ॲपमध्ये स्वतः लावलेली यादी, नाहीतर मेमरी कार्ड-पेनड्राइव्हवरचे फोल्डर. निवड करताना मूडचा विचार नंतर करा. गाणं ऐकायचं तिथे रेंज आहे का आणि हात मोकळे आहेत का, हे आधी बघा.

लातूरला क्लाससाठी खोली घेऊन राहणाऱ्यांना रेंजची अडचण नसते, त्यांचा वैरी जाहिरात. फुकटच्या ॲपवर बासरी चालू असताना मधेच जाहिरात ओरडली की लागलेली तंद्री मोडते. शिवाय फुकटच्या यूट्यूब म्युझिकवर स्क्रीन बंद केली की गाणंही बंद, म्हणजे मोबाईल सतत डोळ्यांसमोर उजळलेला. अशांनी पैसे भरून स्वतःची यादी करावी, नाहीतर सरळ कार्ड वापरावं. आणि त्या यादीत शब्द असलेलं गाणं नको. वाचताना डोक्यात शब्दांचीच जुळवाजुळव चालू असते, त्यात गाण्याचे शब्द घुसले की तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागते. बासरी, सतार, संतूर यांचा चाळीस-पन्नास मिनिटांचा एखादा सलग राग घ्यावा. तो संपला की उठून पाणी प्यावं. घड्याळ बघायचं कामच पडत नाही.

रस्त्याचं गणित निराळं. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात रेंज येते-जाते, तिथे ऑनलाइन यादी अडखळत चालते. गाणी उतरवायची सोय असलेल्या योजनेचे पैसे भरले असतील तर स्पॉटिफायवर एका मोबाईलमध्ये 10,000 गाणी उतरवून ठेवता येतात. मात्र 30 दिवसांत एकदा तरी नेटला जोडावं लागतं. ट्रॅक्टर, टेम्पो, जुनी जीप असेल तर मी पेनड्राइव्हच सांगेन. धुळीत, हादऱ्यात मोबाईल चाळत बसणं धोक्याचं, आणि चालकाचं लक्ष रस्त्यावरच हवं. 128 केबीपीएस दर्जाच्या एमपी3 फाईलला मिनिटाला साधारण एक एमबी लागते, म्हणजे 32 जीबीत कित्येक दिवस पुरतील एवढी गाणी बसतात. गाडीतले बरेच डेक फक्त फॅट32 फॉरमॅट (ड्राइव्हवर फाईल मांडण्याची एक पद्धत) वाचतात, तेव्हा ड्राइव्ह आधी संगणकावर तसा करून घ्या. गाण्यांच्या नावापुढे 001, 002 असे आकडे टाका, म्हणजे बहुतेक डेकवर क्रम टिकतो. गाणी मात्र विकत घेतलेली किंवा स्वतः रेकॉर्ड केलेली असावीत. दुकानात कार्ड भरून घेण्यात कलाकाराच्या हाती काहीच पडत नाही.

क्रमाला मी फार मानतो. वारकरी भजन ऐकून बघा: आधी रामकृष्णहरीचा गजर, मग रूपाचे अभंग, पुढे गवळण, शेवटी पसायदान. प्लेलिस्ट कशी बांधावी याचा इतका चांगला नमुना मला दुसरीकडे सापडलेला नाही. पहाटेच्या यादीला शफल लावलं की ती सगळी बांधणीच जाते. मन उदास असतानाची यादीही अशीच चढती हवी. सुरुवातीला आपल्या दुःखाला सोबत करणारी दोन-तीन गाणी, मग हळूहळू लय वाढत जावी. नुसतीच रडकी गाणी एकत्र करून ठेवू नका, ती माणसाला तिथेच धरून बसतात. व्यायामाला आणि चालायला याउलट पहिल्या गाण्यापासून ठेका पक्का पाहिजे.

ॲपचं तयार मिक्स नवीन गायक कानावर पडावेत म्हणून चांगलं. त्यापलीकडे त्यावर विसंबू नये. घरच्या लेकराने चार दिवस बालगीतं लावली की तुमच्या मिक्समध्येही तीच डोकावायला लागतात. शिवाय संबळावरचा गोंधळ, भारूड, जात्यावरच्या ओव्या, खुलताबादच्या दर्ग्यातली कव्वाली असं आपल्याकडचं धन ते आपणहून क्वचितच पुढे करतं.

आणखी एक विचार करा. ॲपमधली यादी दुसऱ्याच्या घरात राहते. गाना हे गाण्यांचं ॲप 2022 मध्ये फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी उरलं, विंक हे तसंच ॲप 2024 मध्ये बंदच पडलं. म्हणून दरवर्षी एकदा आपल्या याद्यांतल्या गाण्यांची नावं वहीत उतरवून ठेवावीत.

गावच्या सप्ताहातलं कीर्तन, आजीच्या आवाजातल्या ओव्या, भीमजयंतीला पोरांनी म्हटलेली गाणी ही रेकॉर्डिंग कुठल्याच ॲपवर शोधून सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी पेनड्राइव्हला तोड नाही. यूट्यूब म्युझिकवर संगणकातून स्वतःच्या एक लाखापर्यंत फाईल चढवता येतात, तिथेही एक प्रत ठेवा. फाईलच्या नावात गाव, साल आणि गाणाऱ्याचं नाव लिहा; दहा वर्षांनी नुसत्या ‘रेकॉर्डिंग 7’ वरून कुणाचा आवाज ते कळणार नाही.