मोठ्या अक्षरातलं मराठी बायबल, नऊ महिने वापरून

नऊ महिने झाले हे घेऊन, आता लिहायला हरकत नाही. जाडजूड मराठी पवित्र शास्त्र, काळं रेक्झिनचं कव्हर, जुना करार नवा करार मिळून ६६ पुस्तकं. मी नर्स आहे, नाइटला पहाटे तीन-साडेतीनला वॉर्ड जरा शांत होतो तेव्हा मंद उजेडात वाचता यावं म्हणून मोठी अक्षरं बघितली आणि त्या बाबतीत पैसे वसूल, जोडाक्षरं चिकटलेली नाहीत, डोळ्यांना ताण येत नाही. ऑनलाइन मागवलेलं, आलं तेव्हा एक कोपरा दबलेला, विकणाऱ्याने बदलून दिलं नाही, त्यामुळे जमलं तर दुकानात जाऊन हातात धरून बघूनच घ्या.

पण मी नुसतं अक्षरांपायी घेतलं नव्हतं. गेल्या वर्षी पपा गेले. शेवटचे तीन आठवडे अंथरुणावरच होते, घरीच, आणि एका रात्री त्यांनी चौथ्यांदा पाणी मागितलं, मी डबल ड्युटी करून आलेली, ओरडले त्यांच्यावर, "किती वेळा उठू पपा, झोपा ना आता." ते काही बोलले नाहीत. चार दिवसांनी गेले. इतक्या वर्षांत पेशंटवर कधी आवाज चढवला नाही आणि बापावर चढवला. मग मी दर शुक्रवारी उपास धरला, पाणीसुद्धा नाही. आईला वाटलं लेंटचा, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासकाळातला असेल, पण ईस्टर होऊन गेला तरी माझं चालूच.

पाळकसाहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र वाच, तेराच अध्याय आहेत, घाई करू नको. पहिल्यांदा वाचलं तेव्हा निम्मं डोक्यावरून गेलं, याजक (यज्ञ करणारे), निवासमंडप (देवाच्या उपासनेचा तंबू), परमपवित्रस्थान (त्याचा सगळ्यात आतला भाग), काही संदर्भच लागेना. म्हणून नव्याने वाचणाऱ्यांना सांगते, आधी जुन्या करारातल्या लेवीयचा १६ वा अध्याय वाचा. प्रायश्चित्ताचा दिवस, सातव्या महिन्याचा दहावा. दोन बकरे आणतात, चिठ्ठ्या टाकतात, एकाचा बळी देतात आणि दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजक अहरोन दोन्ही हात ठेवून सगळ्या इस्राएलाची पापं कबूल करतो, मग एक माणूस त्याला रानात नेऊन सोडतो. तो बकरा पापं घेऊन निघून जातो. मला ते दोन्ही हात डोळ्यासमोरून हलेनात. आणि पुढच्या वर्षी परत तेच.

आपल्या मराठीत प्रायश्चित्त म्हटलं की ज्याने केलं त्यानेच घ्यायचं, उपास करा, दान करा, शरीर झिजवा. मी तेच करत होते, ख्रिस्ती घरात जन्मून, लहानपणापासून मंडळीत जाऊन. इथे शब्द तोच आहे पण करणारा दुसराच आहे. दहाव्या अध्यायात आहे की याजक रोज उभा राहून तेच तेच यज्ञ करतो आणि त्याने पापं कधीच जात नाहीत, ख्रिस्ताने मात्र एकदाच स्वतःचं अर्पण केलं आणि तो बसला. बसला! बारा तास पायावर उभं राहणाऱ्या माणसाला विचारा बसणं म्हणजे काय ते. ड्युटी संपल्याशिवाय कोण बसतं? निवासमंडपाच्या सामानात दीपवृक्ष आहे, मेज आहे, वेदी आहे, याजकाला बसायला काही नाही.

तरी माझं समाधान झालं नव्हतं. दुसऱ्याने का भरायचं माझं? बायबल स्टडीत अन्सेल्म नावाच्या धर्मपंडिताचं निघालं, अकराव्या शतकाच्या शेवटी त्याने मांडलं की पापाने देवाचा मान राखायचा राहिला, ते देणं माणसानेच फेडायला हवं आणि फेडण्याची ऐपत फक्त देवाची, म्हणून देव माणूस झाला. पटतं, पण मला ते सावकाराच्या वहीसारखं वाटलं. तसंच मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला असं आहे, तिथे मी अडखळले, कारण आज खंडणी म्हटलं की पेपरातली गुंडांची बातमीच आठवते. अर्थ गुलामाला सोडवायला मोजलेली किंमत असा आहे. नवीन आवृत्तीत तिथे दुसरा शब्द घातला तर बरं होईल.

मला धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. चौथ्या शतकात अपोलिनारिस नावाचा बिशप म्हणायचा की ख्रिस्ताला शरीर माणसाचं होतं पण मन माणसाचं नव्हतं, त्या जागी देवाचा शब्द, म्हणजे देवच होता. त्यावर नाझियान्झसच्या ग्रेगरी या दुसऱ्या बिशपचं उत्तर असं की जे त्याने स्वतःवर घेतलंच नाही ते बरं झालेलंच नाही. बरं होणं! हे उत्तर मला आमच्या वॉर्डातलं वाटलं. नुसतं शरीर घेतलं असतं तर माझा राग, माझं थकून चिडणं, रात्री टोचणारं मन, हे सगळं तसंच आजारी राहिलं असतं. पुढे ४५१ मधे खाल्केदोनला भरलेल्या बिशपांच्या परिषदेत ठरलं, खरा देव आणि खरा माणूस, पाप सोडून सगळ्या बाबतीत आपल्यासारखा. इब्रीच्या पाचव्या अध्यायात तो मोठ्याने आक्रोश करत, रडत प्रार्थना करतो. चौथ्यात तो आपल्यासारखाच सगळ्या प्रकारे पारखला गेला असं आहे, म्हणजे थकल्यावर चिडायचा मोहसुद्धा त्याला माहीत होता, तो चिडला नाही एवढंच.

आणि मग योहानाच्या शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायात वधस्तंभावर तो म्हणतो, मला तहान लागली आहे. हे वाक्य शंभर उत्तम शुक्रवारांना (गुड फ्रायडेला) ऐकल्यासारखं मला पाठ होतं. त्या पहाटे वाचलं आणि पपांचे ओठ दिसले, सुकून भेगा पडलेले, शेवटच्या दिवशी मी कापूस पाण्यात बुडवून ओल्या बोळ्याने पुसत होते ते. ज्याच्याकडे मी माफी मागत होते त्याने स्वतः पाणी मागितलं होतं. नर्सिंग स्टेशनवर बसून रडले, ज्युनिअरने चहा आणून दिला, काही विचारलं नाही.

त्यानंतर शुक्रवारचा उपास सोडला. मग आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, तू झोपल्यावर मी दिलं ना त्यांना पाणी, दोन पेले प्यायले." हे आधी कळलं असतं तर मी तेवढ्यावरच भागवलं असतं, म्हणून नंतर कळलं तेच बरं. ओरडले ते ओरडलेच होते.

भाषेचं म्हणाल तर बऱ्यापैकी संस्कृतप्रचुर आहे. मी जोडीला पंडिता रमाबाईंचं भाषांतर काढते, त्यांनी केडगावला मुक्ती मिशनमधे बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल असं केलं, १९२२ मधे जाईपर्यंत तेच काम. एखादं वचन अडलं की दोन्ही शेजारी ठेवायची.

तक्रारी दोनच. कागद फार पातळ, पेन्सिलने खूण केली तरी मागून दिसते, हायलायटर तर लावूच नका. आणि खुणेची फीत एकच दिलीय, लेवीय आणि इब्री एकत्र वाचायचं तर दुसरी लागते, मी युनिफॉर्मच्या पांढऱ्या नाडीचा तुकडा लावलाय. आता दिवसा आई वाचते, तिची मात्र चष्म्यातून सुद्धा तळटिपांची अक्षरं लागत नाहीत, त्या छोट्याच छापल्यात, मग ती मला फोन करून विचारते.