ढवळीचं वजन उतरवताना : कच्चं चिकन, वाफवलेलं चिकन की पाऊच?

ढवळी आमची मांजर. तिचं वजन पहिल्यांदा नीट केलं ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या खताच्या दुकानात. तिला टोपलीत बसवलं, टोपलीचं वजन वजा केलं, तर काट्यावर ६ किलो २०० ग्रॅम आलं. घरच्या काट्यावर तिला उचलून घेऊन उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं, हे मी आधी करून पाहिलं होतं. त्यात शे-दोनशे ग्रॅमचा घोळ होतो, आणि मांजराच्या बाबतीत तेवढा घोळ म्हणजे महिन्याभराची मेहनत दिसेनाशी होणं. डॉक्टरांनी बरगड्या चाचपल्या, वरून कंबर पाहिली आणि म्हणाले, हाडापेरानं ही साडेचार किलोची मांजर आहे.

ही डिसेंबर २०२४ ची गोष्ट. तेव्हापासून मी तिला आधी कच्चं चिकन, मग घरी वाफवलेलं आणि मग पाऊचचं ओलं अन्न असं तिन्ही देऊन पाहिलं. लातुरात राहून, घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांची माळकरी माय असताना केलेली ही निवड आहे. तुमच्या घरची घडी वेगळी असेल तर उत्तरही वेगळं निघू शकेल.

आधी एक सांगतो, कारण ते तिन्ही प्रकारांना लागू आहे. साडेचार किलोच्या मांजराला नुसतं पडून राहायला दिवसाला साधारण २१५ कॅलरी लागतात. वजन उतरवायचं तर त्याच्या ८० टक्के, म्हणजे १७० च्या आसपास, असा हिशेब डॉक्टरांनी मांडून दिला. त्याआधी तिची वाटी दिवसभर कोरड्या दाण्यांनी भरलेली असायची, आणि वर माय रोज संध्याकाळी बशीत म्हशीचं दूध ओतायची. १०० मिलिलिटर म्हशीच्या दुधात १०० कॅलरी सहज असतात. म्हणजे दिवसाच्या निम्म्याहून जास्त कोटा त्या बशीतच संपत होता. दूध बंद करणं मायला जड गेलं. तिला ते समजावताना मलाही जड गेलं, पण वजन उतरायला खरी सुरुवात तिथून झाली.

दुसरी गोष्ट उपासाची. "एक दिवस उपाशी ठेवा, आपोआप उतरेल," असं सांगणारे बरेच भेटतील. जाड मांजराला एकादशी नसते. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, तर अंगावरची चरबी यकृतात साचते आणि मांजर हातची जाते. तुम्ही कोणतंही अन्न निवडा, पण मांजराने ते खाल्लं पाहिजे. नव्या अन्नावर आणायचं तर आठ-दहा दिवस जुन्यात थोडं थोडं मिसळत आणावं.

मी कच्च्यापासून सुरुवात केली, आणि त्याचं श्रेय आधी देऊन टाकतो. पहिल्या दिवसापासून ढवळी बदलली. कोरडे दाणे ती दोन मिनिटांत गिळायची, ते बंद झालं. चिकनचा तुकडा दाढेखाली धरून, मान वाकडी करून ती सावकाश चावू लागली. कोरड्या दाण्यात पाणी असतं दहा टक्क्यांच्या आसपास, कच्च्या मांसात सत्तरच्या पुढे. त्यामुळे तेवढ्याच कॅलरीत वाटी भरलेली दिसते, पोटही भरतं. शी कमी झाली, वास कमी झाला, अंगावर तकाकी आली. पाच आठवड्यांत ६.२ वरून ५.९. आठवड्याला शरीराच्या एक टक्का, म्हणजे ज्या वेगाने उतरावं त्याच वेगाने. कुणी म्हणालं की कच्चं देऊन माझं मांजर तरतरीत झालं, तर मी त्यावर पूर्ण विश्वास ठेवीन.

हे चिकन मी चौकातल्या दुकानातून आणायचो. डोळ्यांदेखत कापलेलं, कातडी काढलेलं, सोबत थोडी कलेजी आणि दिल. कलेजी थोडीच द्यायची, कारण तिच्यातलं अ जीवनसत्त्व अंगात साठत जातं. बाहेरून गोठवलेलं तयार कच्चं अन्नही एकदा मागवून पाहिलं. थर्माकोलच्या डब्यातून आलं तेव्हा अर्धं वितळलेलं होतं. पुन्हा मागवलं नाही.

आता अडचण. ती वाचून कदाचित क्षुल्लक वाटेल, पण माझा निर्णय तिच्यावरच झाला.

मांजर कच्चा तुकडा वाटीत खात नाही. निदान आमची खात नव्हती. तोंडात धरायचा आणि आपल्या जागी न्यायचा, ही तिची जातच. ढवळीची जागा म्हणजे मायची वाकळ. थंडीत ती मायच्या पायाशी झोपते, मायलाही ती ऊब लागते. मी वाटी मोरीत ठेवली, तर तुकडा मोरीतून निघून, स्वयंपाकघर ओलांडून, देवघरासमोरून जाऊन वाकळीवर. फरशीवर ओल्या रेघा. दार लावून मोरीत कोंडलं, तर दाराशी रडत बसली आणि खाल्लंच नाही. आणि न खाणं परवडणारं नाही, हे वर सांगितलंच. मोठा तुकडा दिला तर ओढत न्यायची. बारीक केले तर न चावता गिळायची आणि तासाभरात ओकायची. खिमा केला तेव्हा मात्र वाटीतच खाल्ला, आणि मला वाटलं, सुटलो. पण खिमा म्हणजे मांसाच्या पृष्ठभागावरचे सगळे जंतू आतपर्यंत कालवलेले. शिवाय ती अर्धा खाऊन उरलेला तासाभराने खायला येते. डिसेंबरात हे चाललं. एप्रिल-मेत आमच्याकडे ४२ अंश झाल्यावर कच्चा खिमा वाटीत तासभर ठेवायचा, या विचारानेच मी खिमा सोडला आणि पुन्हा तुकड्यांवर आलो.

जानेवारीतल्या एका पहाटे उठलो तर माय मोरीत बसून वाकळ धूत होती. रात्री उशिरा दिलेल्या चिकनचा तुकडा वाकळीच्या घडीत राहिला होता. अंधारात तिचा हात त्याच्यावर पडला. तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. घरात आम्ही खातो ते तिने कधी अडवलं नाही, वेगळी भांडी आणि वेगळी चूल एवढंच मागितलं. त्या दिवशीही ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मुक्या जनावराचा काय दोष बाबा. पर असं कच्चं कशाला चारलालास तिला? मला आता वाकळ पिळवत नाही." नळ यायला अजून तीन दिवस होते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर. इथे पाणी मोजून वापरायची सवय प्रत्येकाच्या हातात बसलेली आहे, आणि मायने दोन बादल्या त्या वाकळीवर घातल्या.

कच्च्या मांसात साल्मोनेला असू शकतो, लिस्टेरिया असू शकतो, आणि फ्रीजरमध्ये ठेवल्याने हे जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात, हे मला आधीपासून माहीत होतं. वाचलेलं होतं. पण मायला साखरेचा आजार आहे, तिचं वय झालंय आणि तिचाच हात त्या तुकड्यावर पडला, तेव्हा त्या माहितीचा अर्थ कळला. निरोगी मांजर बऱ्याचदा असं मांस पचवते. धोका तिच्याभोवती राहणाऱ्या माणसांना जास्त.

त्याच पंधरवड्यात बातम्या येत होत्या. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले होते, आणि कोंबडीच्या मांसातून लागण झाली असावी असा संशय तेव्हा व्यक्त झाला. मग आमच्याच जिल्ह्यात, उदगीरला, कावळे मरून पडले आणि तपासणीत बर्ड फ्लूच निघाला. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या त्यानेच मेल्या होत्या. म्हणजे हा आजार मराठवाड्याला नवा नाही. बर्ड फ्लूचा हा एच-५-एन-१ विषाणू मांजराच्या कुळाला फार वाईट बाधतो. शिजवल्यावर तो मरतो, ७० अंशांच्या वर टिकत नाही. गोठवल्याने मरत नाही. दुकानातलं प्रत्येक चिकन धोक्याचं असतं असं मी म्हणत नाही, आणि आम्ही स्वतः ते शिजवून खातोच. पण जे मी स्वतः कच्चं खाणार नाही, ते त्या महिन्यात तिला कच्चं द्यायला माझा हात धजेना.

मग वाफवलेलं. स्टीलच्या डब्यात चिकन, बुडेल इतकंच पाणी, कुकरला दोन शिट्ट्या. मीठ नाही, हळद नाही. कांदा-लसूण तर मुळीच नाही, ते मांजराच्या रक्ताला बाधतात. थंड झाल्यावर बोटांनी रेषा रेषा सोडवायच्या आणि त्याच पाण्यात कालवायचं. ते पाणी टाकून देऊ नये. टॉरिन नावाचं एक द्रव्य मांजराला अन्नातूनच मिळावं लागतं आणि शिजवताना ते पाण्यात उतरतं. हाड मात्र शिजवलेलं कधीच नको, त्याची अणकुची होते.

वाफवलेलं कालवण तोंडात धरून नेता येत नाही. वाटीतच खावं लागतं. माझ्या सगळ्या अडचणीचं उत्तर एवढ्यात मिळालं.

तरीही नुसत्या वाफवलेल्या चिकनवर मांजर महिनोन्‌महिने ठेवू नका, आणि नुसत्या कच्च्या बोनलेसवरही नको. मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळपास वीसपट असतो. रानातली मांजर उंदीर हाडासकट खाते, म्हणून तिचं भागतं. टॉरिन कमी पडलं तर हृदय पसरून कमजोर होतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी हे दाखवून दिलं, आणि त्यानंतर तयार अन्नातलं टॉरिन वाढवलं गेलं. घरी हे सगळं जुळवता येतं, पण त्यासाठी पशुवैद्याने ग्रॅममध्ये लिहून दिलेली कृती हवी आणि ती रोज तशीच पाळायला हवी. वजन उतरवताना अन्न कमी असतं, म्हणून त्या थोड्यातच सगळं बसवावं लागतं. अंदाजाने चिमूट चिमूट पावडर टाकण्याची माझी तयारी नव्हती.

म्हणून पाऊच. पाऊचबद्दल माझ्या मनात सुरुवातीला अढी होती. चिकट रस्सा, त्यात नेमकं काय आहे ते कळत नाही, आणि प्रत्येक पाकिटावर कॅलरी छापलेल्या नसतात. घेताना एवढं बघा की त्यावर 'कम्प्लीट' लिहिलंय की 'कॉम्प्लिमेंटरी'. दुसरं म्हणजे वरखाऊ, त्यावर मांजराचं भागत नाही. खर्चही आहे. कच्चं चिकन मला दिवसाला तीस-चाळीस रुपयांत भागायचं, दोन पाऊचना नव्वदच्या आसपास लागतात. हा फरक लहान नाही. पण त्यात टॉरिन आहे, कॅल्शियम आहे, पाणी पाऊण हिश्श्याहून जास्त आहे, आणि ते शिजवून बंद केलेलं असतं. वीज गेली तरी न फोडलेल्या पाकिटाला काही होत नाही.

आता आमच्याकडे सकाळी एक आणि रात्री एक पाऊच. आमचं पाकीट ८५ ग्रॅमचं, ७५ कॅलरीचं. दुपारी १५ ते २० ग्रॅम वाफवलेलं चिकन, पाण्यासकट. संपूर्ण आहार नसलेलं अन्न दिवसाच्या कॅलरीच्या एक दशांशाच्या आसपासच असावं, म्हणून एवढंच. खर्च फार होत असेल तर एका पाऊचऐवजी २० ग्रॅम कोरडे दाणे काट्यावर मोजून, वर पाणी शिंपडून देता येतील, कॅलरी तेवढ्याच पडतात. मी फक्त दाण्यांवरही आठवडाभर ठेवून पाहिलं होतं. १७० कॅलरीचे दाणे म्हणजे मूठभर, आणि ती रात्रभर स्वयंपाकघराच्या ओट्याखाली ओरडत बसायची. काहींच्या मांजरांना ते चालतं, आणि चालत असेल तर बदलायची गरज नाही.

एकटे राहत असाल, घरात म्हातारं माणूस किंवा रांगतं लेकरू नसेल, मांजर वाटीतच खाणारं असेल आणि डॉक्टर कृती लिहून देत असतील, तर कच्चं वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ढवळीने त्यावर जसं खाल्लं तसं ती आजही पाऊचवर खात नाही, हेही खरं. पण वजन पाऊचवरही उतरत राहिलं, वेग थोडाच कमी झाला. २० जानेवारीला ५.९ होतं, जूनच्या शेवटच्या रविवारी त्याच खताच्या दुकानातल्या काट्यावर ४.९ भरलं. आठवड्याला चाळीस-पन्नास ग्रॅम. उरलेले चारशे ग्रॅम दिवाळीपर्यंत उतरतील असं वाटतं.

पंधरा दिवसांपूर्वी ती मायच्या खोलीतल्या कोनाड्यात उडी मारून बसली. दोन वर्षांत पहिल्यांदाच. माय म्हणाली, आता थोडं दूध देऊ का तिला. मी वाफवलेल्या चिकनचं कोमट पाणी तिच्या बशीत ओतून दिलं, ते ती स्वतःच्या हातानं ढवळीपुढं ठेवते.