क्लीन टोन ऐकवला आणि ५४,००० रुपयांना गंडवलं

५४,००० रुपये. त्यातले ५,००० आगाऊ यूपीआयने, उरलेले ४९,००० गिटार ताब्यात घेताना. वस्तू कोणती, तर मेक्सिकोत बनलेली फेंडर प्लेअर स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात ‘स्ट्रॅट’) ही इलेक्ट्रिक गिटार, ‘सगळं ओरिजिनल, घरातच वाजवलेली’. प्रत्यक्षात गळा ओरिजिनल, बॉडी ओरिजिनल आणि पिकगार्डखाली, म्हणजे बॉडीवरच्या प्लास्टिकच्या पत्र्याखाली, तीन वेगवेगळ्या भंगार सेटमधून उचललेले पिकअप (तारेचं कंपन पकडून अ‍ॅम्पकडे पाठवणारं चुंबक आणि वेटोळं). जुन्या गिटारींच्या बाजारात आतले भाग बदलून विकतात हे कोणाला सांगायला नको. पण समोर बसवून, व्यवस्थित अ‍ॅम्पवर, क्लीन टोन (न फाटलेला, स्वच्छ आवाज) ऐकवूनच हा माल गळ्यात मारता येतो, हे लिहायलाच हवं. कारण सगळे सल्ला एकच देतात: ‘क्लीनवर वाजवून बघा, म्हणजे फसणार नाही.’ वाजवूनच घेतली होती.

सीरियल नंबरही तपासला होता. ‘एमएक्स१८’ने सुरू होणारा, म्हणजे २०१८ चा; प्लेअर सिरीज त्याच वर्षी आली. नंबर बरोबरच निघणार, कारण तो हेडस्टॉकवर, म्हणजे गळ्याच्या टोकावर असतो आणि हेडस्टॉक खराच होता. नंबर गळ्याची ओळख पटवतो, पिकअपची नाही. आंब्याच्या पेटीतला वरचा थर बघून पैसे मोजण्यातला प्रकार.

आता विकणाऱ्याचा ‘क्लीन’ कसा होता ते बघा. अ‍ॅम्पचा गेन कमी, आवाज काचेसारखा स्वच्छ, कुठेही डिस्टॉर्शन नाही. पण गिटार आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये आवाज बदलणारं एक यंत्र, मल्टि-इफेक्ट, त्यात कॉम्प्रेसर, कोरस, रिव्हर्ब आणि नॉइज गेट, चारही चालू. विचारलं तर म्हणे, ‘थोडा रिव्हर्ब आहे फक्त, कोरडं कोण वाजवतं?’ आणि केबल चांगली दहा मीटरची, गुंडाळी करून ठेवलेली. यातली एकही गोष्ट उगाच नव्हती.

कॉम्प्रेसरमुळे मेलेला स्वरही लांबतो. पहिल्या तीन फ्रेटवर (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बारीक तारांखाली खाचा पडल्या होत्या, त्यामुळे तिथे स्वर गुदमरत होता. कॉम्प्रेसरने तो उचलून धरला. स्ट्रॅटवर एखाद्या जागी स्वर लवकर विझण्याचा दोष बऱ्याच वेळा असतो, तोही त्यातच झाकला गेला. पिकअप तारांच्या अगदी जवळ उचलून ठेवले होते, कमकुवत आवाज मोठा वाटावा म्हणून. चुंबक इतका जवळ आला की जाड तार वरच्या फ्रेटवर डगमगते, एकाच स्वरात दोन स्वर भांडताना ऐकू येतात. आणि कोरसचं काम तरी काय? स्वर डगमगवणं. म्हणजे दोषालाच इफेक्ट करून विकलं. रिव्हर्बने स्वर कुठे संपतो तेच कळू दिलं नाही. गेटने हम, म्हणजे विजेची घरघर, कापली. केबलमध्ये मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरले तर दहा मीटरला हजार होतात, वरची तीव्र धार बोथट होते. म्हणून त्या पिकअपचा कर्कशपणा तिथे गोड लागला. घरच्या तीन मीटर केबलवर लावली आणि कानात सुई गेली.

एवढं सगळं असूनही एक क्षण असा होता की तिथे उठून यायला हवं होतं. पाच जागांचा स्विच त्याने तीनच जागांवर फिरवला होता: गळ्याजवळचा पिकअप, मधला, आणि ब्रिजचा (तारा बॉडीला टेकतात तिथला). त्यांच्या अधल्यामधल्या दोन जागा, म्हणजे दुसरी आणि चौथी, जिथे दोन पिकअप एकदम चालू असतात, त्याने टाळल्या. स्ट्रॅट विकणारा माणूस नेमक्या त्याच दोन जागा टाळतो! तिथला क्लीन ऐकायलाच तर लोक स्ट्रॅट घेतात. स्विच आपल्या हाताने दुसऱ्या जागेवर नेला तर आवाज एकदम खाली गेला, जाड तारांचा पाया गायब, फोनमधून आल्यासारखा किरकिरा. तो लगेच म्हणाला, ‘हाच तो क्वॅक, स्ट्रॅटचा.’ आणि स्विच परत गळ्याजवळच्या पिकअपवर.

तो क्वॅक नव्हता. क्वॅकमध्ये मधला भाग पोकळ होतो, पण जाड तार जाडच राहते आणि एकूण आवाज फारसा पडत नाही. इथे दोन पिकअप एकमेकांच्या उलट फेजमध्ये होते, एकमेकांना खात होते. आजकालच्या बहुतेक स्ट्रॅटमध्ये मधल्या पिकअपचं वेटोळंही उलटं असतं आणि चुंबकही उलटा, त्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर हम कापला जातो आणि सूर मात्र जुळतो. या गिटारीत मधल्याचा फक्त चुंबक उलटा निघाला, म्हणजे सूर कापला जातो आणि हम तसाच. गेट बंद असता तर एका सेकंदात कळलं असतं. कान कच्चा होता असं कोणी म्हणू नये. गेट लावून कोणाचाही कान कच्चा करता येतो.

अकरा स्क्रू काढून पिकगार्ड उलटं केल्यावर उरलंसुरलं उघड झालं. प्लेअर सिरीजमध्ये अल्निको ५ या मिश्रधातूच्या चुंबकांचे पिकअप असतात, सहा खांबांपैकी प्रत्येक खांब स्वतःच चुंबक. इथे दोन पिकअपमध्ये साध्या लोखंडाचे खांब आणि खाली चिकटवलेली सिरॅमिकची पट्टी. सिरॅमिक वाईटच असतं असं नाही, आधीच्या मेक्सिकन स्टँडर्डमध्ये तेच होतं. पण मग पैसे तेवढेच मागा. सोल्डरचे डाग ताजे, वायरी दोन रंगांच्या इन्सुलेशनच्या. नवा पिकअप सेट १३,५००, फ्रेट लेव्हल ३,८००, सेटअप १,२००. म्हणजे वर १८,५००, एकूण ७२,५००. आणि मूळचे तीन पिकअप? ‘प्लेअर स्ट्रॅटचा ओरिजिनल सेट, ९,५०० रुपये’ अशी त्याच माणसाची वेगळी जाहिरात सापडली.

ती जाहिरात, यूपीआयच्या पावत्या, चॅट, पिकअपचे फोटो, सगळं घेऊन पोलीस चौकीत गेलो. पहिला प्रश्न: ‘गिटार मिळाली ना?’ मिळाली. ‘वाजते ना?’ वाजते. ‘मग फसवणूक कसली?’ पिकअप म्हणजे काय हे समजावताना ठाणे अंमलदार मोबाइलवर दुसरंच काही बघत होते. मग सल्ला: हे दिवाणी आहे. तिथून सायबर कक्ष. तिथे म्हणे, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, समोरासमोर व्यवहार झाला, आमच्यात बसत नाही. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर म्हणे, विकणारा दुकानदार नाही, खाजगी माणूस आहे. जाहिरात ज्या अ‍ॅपवर होती त्यांच्याकडून तयार मजकुराचं उत्तर: तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. प्रत्येकाकडे आपल्यात न बसवण्याचं कारण तयार. गाडीतलं इंजिन बदलून विकलं असतं तर हेच बोलले असते का? खोटं सांगून पैसे काढून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे, ‘सगळं ओरिजिनल’ हे वाक्य त्याने लेखी दिलेलं आहे, मूळ भाग तो वेगळे विकतोय. अजून काय हवं? अर्ज घेऊन पोचसुद्धा देईनात. पोच मागितली की साहेब बाहेर गेलेले. चौकीने नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयात पोस्टाने लेखी तक्रार पाठवता येते, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पोस्टाची पावती तेवढी जपा, चौकीच्या तोंडी आश्वासनावर बसू नका.

तर जुनी गिटार बघायला जाताना स्वतःची तीन मीटरची केबल न्या. गिटार थेट अ‍ॅम्पमध्ये. अ‍ॅम्पवरचा रिव्हर्ब शून्य, आणि रोलंडच्या जेसी-१२० सारखा अ‍ॅम्प असेल तर त्याचा स्वतःचा कोरसही बंद. बास, मिड, ट्रेबल मध्यावर ठेवले म्हणजे आवाज सपाट झाला असं समजू नका. फेंडर पद्धतीच्या अ‍ॅम्पवर मध्यावरही मिड खोल गेलेला असतो, सपाटाच्या जवळ जायचं तर मिड पूर्ण आणि बाकी दोन खूप खाली.

त्याआधी अ‍ॅम्प न लावता प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवा. सगळ्यांचा कंटाळा येईल, येऊ द्या.

छोटं होकायंत्र पिकअपच्या खांबांवर धरलं की चुंबकाची दिशा कळते. साधा मल्टिमीटर २० किलोओहमवर, गिटारला केबल लावून दुसऱ्या टोकाच्या टिपला आणि बाहेरच्या धातूला, व्हॉल्यूम दहावर. स्ट्रॅटचा एकेक पिकअप साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम दाखवतो, दुसऱ्या-चौथ्या जागेवर तीनच्या आसपास. अडीचशेच्या आसपास आकडा गेला तर वेटोळं तुटलंय आणि तुम्ही फक्त पॉट (व्हॉल्यूमच्या बटणाखालचा भाग) मोजताय (हे बघायला मीटरची वरची रेंज लावावी लागेल). या आकड्यावरून टोन कळत नाही, फक्त जिवंत-मेलेलं कळतं. ‘माझे जास्त ओहमचे आहेत’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. इथे मधला ७.४ होता, बाजूचे दोन्ही पाचच्या आसपास. एका सेटमध्ये असं नसतं.

तारांना हात लावल्यावर हम कमी व्हायला हवा. वाढला तर जॅकची वायरिंग उलटी आहे.

शेवटचा फ्रेट दाबून पिकअप आणि तार यांच्यात साधारण दोन ते अडीच मिलिमीटर अंतर असावं. त्याहून जवळ असेल तर तिथल्या तिथे स्क्रूने खाली करायला सांगा आणि पुन्हा ऐका.

आणि आगाऊ रक्कम पाठवण्याआधी चॅटवर दोन वाक्यं लिहून घ्या: पिकअप, पॉट, स्विच मूळचे आहेत, पिकगार्ड उघडून दाखवीन. फोटो नको, तुमच्यासमोर उघडायचं. तारा सैल केल्या की अकरा स्क्रूंना पाच मिनिटं लागतात, तारा परत सुरात आणायला अजून दहा. ‘उघडलं की वॉरंटी जाते’ असं तो म्हणाला तर वॉरंटीचं बिल मागा.