मुलांचा पहिला चष्मा : धातूची फ्रेम घ्यावी की लवचिक?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने शाळेत तपासणी केली, तेव्हा दुसरीत शिकणाऱ्या माझ्या मुलीला फळ्यावरचे नीट दिसत नसल्याचे लक्षात आले. पुढे डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून नंबर काढला आणि त्यात सिलिंडरचाही, म्हणजे डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नसल्यामुळे लागणारा, नंबर निघाला. तेव्हापासून दोन वर्षांत आम्ही दोन्ही प्रकारच्या फ्रेम वापरल्या. काचा दोन्ही वेळा पॉलिकार्बोनेटच्याच, म्हणजे सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकच्या, घेतल्या, कारण मुलांसाठी त्याबाबत तडजोड करू नये असे मला वाटते.

आधी धातूची फ्रेम घेतली. ती नेटकी दिसते आणि तिच्या नाकावरच्या गाद्या दुकानदाराला चिमट्याने हव्या तशा जुळवता येतात. लहान मुलांच्या नाकाची दांडी पुरती वर आलेली नसते, त्यामुळे हा गुण मोठाच आहे. परभणीकडच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, घामाने चष्मा खाली घसरतो आणि मूल काचेच्या वरून बघू लागते. मग चष्मा असून नसल्यासारखाच. लवचिक फ्रेमच्या गाद्या अशा हलवता येत नाहीत, म्हणून ती मुळातच मापाची मिळाली पाहिजे. डोक्यामागचा पट्टा थोडीफार उणीव भरून काढतो, पण उन्हाळ्यात त्याखाली घामोळे येते, हेही सांगायला हवे.

तरीही माझे मत फिरले ते वाकणाऱ्या काडीमुळे. मुलगी चष्मा एका हाताने ओढून काढायची. कितीदा समजावले, तरी खेळायला पळायच्या घाईत सात वर्षांच्या मुलाला दोन हात आठवत नाहीत. एका संध्याकाळी ती मान डावीकडे कलती ठेवून वाचत होती. मी चष्मा घेऊन ताटाच्या सपाट पाठीवर उलटा ठेवला, तर एक काडी टेकली आणि दुसरी बोटभर वर राहिली. साधा नंबर असता तर कदाचित निभावले असते, पण सिलिंडरच्या काचेचा अक्ष ठरलेला असतो आणि फ्रेम तिरकी बसली की तोही ढळतो. काडी सरळ करायला गंगाखेडहून परभणीला जायचे म्हणजे अर्धा दिवस मोडतो. पहिल्या वर्षात अशा चार खेपा झाल्या, त्यांतली एक बिजागरीचा स्क्रू अंगणातल्या मातीत हरवल्यामुळे.

लवचिक फ्रेमला बिजागरी नाही आणि स्क्रूही नाही. ती ओढली, दाबली, अंगाखाली आली, तरी पुन्हा मूळ आकारात येते. एकदा काच खाचेतून निसटली होती, ती घरीच अंगठ्याने बसवता आली. ताटावरची तपासणी मी अजूनही दर रविवारी करतो आणि दोन्ही काड्या टेकलेल्या दिसतात.

सवय लागण्याच्या बाबतीत मात्र माझी तुलना पुरती न्याय्य नाही, कारण दुसऱ्या चष्म्याच्या वेळी मुलगी सरावलेली होती. पहिल्या वेळी आठवडाभर तिला जमीन तिरकी वाटत होती, म्हणून जिना उतरताना आम्ही हात धरत असू. दोन आठवड्यांनंतरही डोके दुखत राहिले, तर नंबर आणि चष्म्याची बैठक पुन्हा तपासून घ्यावी. नाकावर लाल वळ उठण्याची तक्रार मात्र लवचिक फ्रेममध्ये एकदाही आली नाही.

सफाईतही थोडा फरक पडतो. धातूच्या गाद्यांमागे घामाचा हिरवट मळ साचतो. लवचिक फ्रेम पट्टा काढून सौम्य साबणाने सबंध धुता येते. आमच्याकडे बोअरचे पाणी जड असल्याने काचेवर पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटी फिल्टरचे पाणी ओतावे आणि जुन्या मऊ सुती कापडाने टिपावे. कोरडी धूळ फ्रॉकच्या टोकाने पुसली, तर कोणत्याही फ्रेममधल्या काचेवर चरे पडतात.

मूल दहा-अकरा वर्षांचे आणि सांभाळून वापरणारे असेल, किंवा चष्म्याचे दुकान गावातच असेल, तर धातूची फ्रेम घेण्यास माझी हरकत नाही. त्याहून लहान मुलासाठी मी लवचिकच सुचवेन; फक्त दुकानात ती घालून मुलाला खाली वाकून चपलेचा पट्टा लावायला सांगावे आणि चष्मा जागचा हलला नाही, तरच पैसे द्यावेत.