वेबवरच्या प्रॉक्सी वाजवणारं मॅम सॉफ्टवेअर, आठ महिने वापरून

आधीच सांगते, सॉफ्टवेअरचं नाव लिहिणार नाहीये. आमचं काँट्रॅक्ट अजून चालू आहे आणि सपोर्टवाल्या पोरांशी रोजचं बोलणं आहे, उगाच कशाला. तसंही यातलं बरंचसं कुठल्याही मीडिया असेट मॅनेजमेंटला, म्हणजे फूटेज साठवून, शोधून, बघायच्या सॉफ्टवेअरला लागू होईल, कारण आत कितीही फीचर असू देत, वेबवर व्हिडिओ शेवटी ब्राउझरच वाजवतो. (आमच्याकडे सगळे त्याला नुसतं मॅम म्हणतात, त्यामुळे 'मॅम बंद पडली' ऐकून ऑफिसातल्या मावशी पहिल्यांदा घाबरल्या होत्या.)

तर आम्ही पुण्यातलं छोटं डॉक्युमेंटरी युनिट, वारीवर काम चाललंय. फूटेज पुण्यात नॅसवर (ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा), एडिटर दादा देवरुखला, लॉकडाऊनमध्ये गावी गेला तो परत आलाच नाही, आणि डिरेक्टर ताई कायम फिरतीवर. आधी हार्ड डिस्क एसटी पार्सलने जायची आणि पाऊस लागला की माझा जीव टांगणीला. नुसत्या मुलाखतीच 40 तासांच्या आहेत, प्रोरेस 422 एचक्यू (एडिटिंगसाठीचा जड फॉरमॅट), फुल एचडी, सेकंदाला 25 फ्रेम. तासाला 83 जीबी धरा, म्हणजे सव्वातीन टीबीच्या वर गेलं. तेच 2 एमबीपीएसची एच.264 प्रॉक्सी, म्हणजे त्याच क्लिपची हलकी कॉपी, केली की तासाला एक जीबीसुद्धा होत नाही, अख्ख्या मुलाखती 40 जीबीच्या आत. ओरिजिनल नॅसवरच राहतं, प्रॉक्सी वेबवर ठेवायच्या, दादाने देवरुखात बसून बघायच्या, मार्क करायच्या, आणि कट इथे ओरिजिनलला जोडायचा. या एवढ्यासाठीच आम्ही पैसे मोजले.

आणि हे काम ते करतं, खरंच करतं. दिवे घाटातला शॉट ताईला पंढरपुरात लॉजवर बसून फोनच्या हॉटस्पॉटवर दाखवता आला. सर्च चांगला आहे, 'रिंगण' टाकलं की वाखरीचं सगळं समोर येतं (अर्थात नोट्स मीच टाकल्यात म्हणून). जे-के-एल (मागे-थांबा-पुढे करायची बटणं) चालतं, इन-आऊट (तुकड्याची सुरुवात-शेवट) लावता येतो, सबक्लिप (तो निवडलेला तुकडा) एक्सएमएल फाइलने एडिटमध्ये जाते.

पण डेमोमध्ये जे बघतो ना, ती त्यांची स्वतःची दोन मिनिटांची क्लिप असते हो. आपल्या फाइली घातल्या की मग खरी गंमत सुरू होते.

यात प्रॉक्सी ठेवायचे दोन रस्ते आहेत, एक म्हणजे कंपनीच्या क्लाउडवर, त्याचं भाडं वेगळं, नाहीतर स्वतःच्या सर्व्हरवर टाकून फक्त यूआरएलचा पत्ता द्यायचा, मग सॉफ्टवेअर नॅसचा पाथ बदलून तिथे वेबचा पत्ता लावतं. आम्ही अर्थातच दुसरा घेतला, पैसे वाचवायला, आणि पहिले तीन आठवडे माझे त्यातच गेले. मी आमच्या वेबसाइटच्या जुन्या होस्टिंगवर एक पीएचपी स्क्रिप्ट टाकली होती, लॉगिन तपासून फाइल देणारी. क्रोममध्ये क्लिप सुरू व्हायची पण पुढे ओढली की ढिम्म, आणि ताईच्या आयपॅडवर तर सुरूच होईना. मी आठवडाभर सॉफ्टवेअरला शिव्या घालतेय आणि चूक माझीच! प्लेअर मधलाच तुकडा मागतो, सर्व्हरने तेवढाच तुकडा 206 ('हा तुकडा घे') म्हणून द्यायचा असतो, माझी स्क्रिप्ट मात्र दर वेळी 200 ('ही अख्खी घे') म्हणून पहिल्यापासून अख्खी फाइल वाढत होती. आयपॅडच्या सफारी ब्राउझरला असे तुकडे मिळाले नाहीत तर तो वाजवतच नाही. स्क्रिप्ट काढली, साध्या एनजिनएक्स वेब सर्व्हरवर फाइली ठेवल्या, प्रश्न मिटला.

त्यात फाइलचा इंडेक्स (कुठली फ्रेम कुठे आहे याची यादी, तिला मूव्ह ॲटम म्हणतात) एरवी शेवटाला असतो. एफएफएमपेगला (प्रॉक्सी बनवणारं टूल) फास्टस्टार्ट सांगितलं की तो पुढे येतो आणि क्लिप लगेच सुरू होते. सॉफ्टवेअरचा स्वतःचा प्रिसेट (तयार सेटिंग) हे करतो, त्याचे मार्क द्यायलाच हवेत. पण त्याच प्रिसेटमध्ये की-फ्रेमचं (पूर्ण साठवलेली फ्रेम, मधल्या तिच्यावरून बनतात) अंतर एक्स264 या एन्कोडरचं डिफॉल्ट, म्हणजे 250 फ्रेम, आपल्या 25 च्या हिशोबाने दहा सेकंद. आता कुणी आजोबा अभंगाच्या मध्ये अर्धा सेकंद थांबलेत, तिथेच कट पाहिजे, तर स्क्रब करताना (क्लिप पुढे-मागे ओढताना) चित्र अडकतं, मग उडी मारतं, दादा वैतागून फोन करतो. मी 25 वर आणलं, फाइल थोडी फुगली पण हाताखाली लोण्यासारखी चालते. प्रिसेट बदलायला देतात पण तो स्क्रीन सेटिंगच्या सेटिंगमध्ये कुठेतरी पुरून ठेवलाय.

आवाजाचं तर विचारूच नका. आमच्या क्लिपमध्ये चार मोनो ट्रॅक, पहिल्यावर कॅमेऱ्याचा माइक, दुसऱ्यावर लेपल (कॉलरला लावलेला माइक). प्रिसेटने एकच ट्रॅक उचलला, पहिला. दादाने अकरा मुलाखती 'ऑडिओ खराब, वापरू नये' म्हणून लाल करून टाकल्या, टाळ-मृदंगात माणूस ऐकूच येत नव्हता ना. लेपलवर सगळं स्वच्छ होतं! आता मी ट्रॅक एकत्र करूनच प्रॉक्सी काढते. वेब प्लेअरमध्ये ट्रॅक निवडायचं बटण नाही, त्याचा एक स्टार इथेच कापला.

आणि आता ती गोष्ट जिच्यासाठी मी मुळात लिहायला बसले. काही क्लिप लाल, 'प्रॉक्सी सापडली नाही'. सर्व्हरवर बघितलं तर फाइल आहे, नाव तेच, डोळ्यांनी अक्षर न् अक्षर तेच. 'शेतकरी_01' वाजतेय, 'शेतकऱ्याची_बायको_02' नाही. 'वारी' वाजतेय, 'वारकऱ्यांचे_बाईट' नाही. दोन दिवस परमिशन बघितल्या, सर्व्हर रीस्टार्ट केला, सपोर्टवाल्याने कॅश साफ करायला सांगितलं (त्यांचं सगळ्यावर तेच औषध). शेवटी रात्री लाल क्लिपांची यादी काढून नुसती बघत बसले आणि लक्षात आलं की प्रत्येक नावात 'ऱ' आहे! झालं असं की हा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक अख्खं अक्षर, किंवा र आणि त्याखाली नुक्ता (टिंब). दिसायला सेम. आमच्या जुन्या ड्राइव्ह मॅकच्या एचएफएस प्लस फॉरमॅटमध्ये आहेत, ते नावातलं असं अक्षर फोडून ठेवतं. सर्व्हर लिनक्स, त्याला दोन्ही वेगळी नावं. सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये अखंड ऱ, सर्व्हरवर फुटलेला, मग 404 ('फाइल नाही'). इंग्रजी नावं ठेवणाऱ्यांना हे जन्मात भेटणार नाही, आणि मराठीत कऱ्हाड, वाऱ्या, तऱ्हा काही लिहायला गेलं की हा आलाच. सपोर्टला सगळं पुराव्यानिशी पाठवलं तर उत्तर आलं, 'फाइलनेममध्ये स्पेशल कॅरेक्टर वापरू नका.' स्पेशल कॅरेक्टर म्हणे! मी आता स्क्रिप्टने नावं एकसारखी करून मगच अपलोड करते, पण हे त्यांनी करायला हवं, दोन ओळींचं काम आहे.

बाकी किरकोळ. लिंकची मुदत एक तास होती, दादा जेवून आला की क्लिप पुढे ओढल्यावर 403 ('परवानगी नाही'), कारण प्रत्येक ओढीला सर्व्हरकडे नव्याने मागणी जाते आणि लिंक तोवर मेलेली. 12 तास केली. टाइमकोड (कॅमेऱ्याने प्रत्येक फ्रेमला दिलेली वेळ) मात्र नीट येतो, ब्राउझर शून्यापासून मोजतो पण हे लोक त्यात क्लिपचा सुरुवातीचा टाइमकोड मिळवून दाखवतात आणि आतापर्यंत एकही मार्क सरकलेला नाही, हे छोटं काम नाही.

क्लाउडवर प्रॉक्सी ठेवणार असाल तर साठवणीच्या भाड्यापेक्षा बाहेर जाणाऱ्या डेटाचा दर आधी बघा, तीच क्लिप पाच जण रोज बघतात. क्लाउडफ्लेअरच्या आर2 सारख्या स्टोरेजला तो लागत नाही.

घ्यावं का? सगळे एकाच ऑफिसात बसत असाल तर अजिबात नको, नॅस आणि रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या प्रॉक्सी बास झाल्या. बजेट नसेल आणि घरात कुणी लिनक्सवाला असेल तर रिसोर्सस्पेस बघा, ओपन सोर्स आहे, प्रिव्ह्यू तेही एफएफएमपेगनेच बनवतं, पण मेंटेनन्स सगळा तुमच्या गळ्यात. आमच्यासारखी माणसं तीन गावांत असतील तर घ्या, पण ट्रायलमध्ये त्यांची क्लिप बघू नका, आपली सगळ्यात लांब, चार ट्रॅकवाली, नावात ऱ असलेली क्लिप टाका आणि मोबाइल डेटावर मधूनच ओढून बघा.

पाचपैकी साडेतीन. मार्चमध्ये रिन्यूअल आहे, पाच सीट होत्या त्या तीनच करतोय, दादा, ताई आणि मी. उरलेल्या दोघांनी आठ महिन्यांत एकदाही लॉगिन केलेलं नाही.