रिबिल्डच्या नावाखाली रंग मारलेला जुनाच स्टिअरिंग बॉक्स बसवून दिला, जुन्या जिप्सी-जीपवाल्यांनो जपून

ज्यांच्याकडं जुनी जिप्सी आहे, किंवा बॉक्सच्या स्टिअरिंगची (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा गिअरचा डबा म्हणजे बॉक्स) कुठलीबी जुनी जीप आहे, आणि "बॉक्स रिबिल्ड करून देतो" असं कुणी सांगत असंल त्यांनी हे आधी वाचा अन मग पैसे द्या. माझ्याकडून साडेचौदा हजार घेतले आणि आतला एक पार्ट न बदलता माझाच बॉक्स मला परत बसवून दिला. पैशाचा राग आहेच, पण त्याच्यापेक्षा जास्त राग याचा आहे की ही स्टिअरिंग आहे, सीट कव्हर नाही, गाडीत माझी लेकरं बसतात.

गाडी जिप्सी किंग, पेट्रोल. शेत गेवराईच्या पुढं गोदाकाठाला, सगळं काळं रान, पावसाळ्यात त्या पाणंदीतून दुसरी गाडी जातच नाही म्हणून ही ठेवलीय आणि जिवापाड जपलीय. मागच्या हंगामानंतर स्टिअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, यायला लागला, हायवेला साठच्या वर गेलं की गाडी डावीउजवीकडं भटकायची, स्टिअरिंग इकडंतिकडं हलवलं तरी चाकाला पत्ता नसायचा. शहरातल्या एका गॅरेजात दाखवली (नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे). त्यानं खाली वाकून बघितलं न बघितलं आन म्हणला, "मालक, बॉक्स गेला तुमचा. जिप्सी बंद झाली, कंपनीचा नवीन बॉक्स मिळणार नाही, पण मी वर्म (आतला आट्यांचा दांडा), छर्रे, बुश, ऑईल सील सगळं नवं टाकून देतो, झिरो प्ले." जिप्सी 2019 पासून बंद आहे हे खरंच आहे, आणि ह्याच गोष्टीचा हे लोक फायदा घेतात, पार्ट मिळत नाही म्हणलं की माणूस घाबरतो.

मी म्हणलं खोलताना मला बघायचंय, तर म्हणला बॉक्स लेथवर पाठवावा लागतो, इथं खुलत नाही. हे साफ खोटं. बॉक्स टेबलावर ठेवून पान्ह्यानं खुलतो, वरचं झाकण काढलं की सेक्टर शाफ्ट (बॉक्समधून चाकांकडं जाणारा दात्यांचा दांडा) बाहेर येतो, मग वर्म अन नट निघतो, लेथचं काम असलं तर बुश बसवायला वगैरे, खोलायला अजिबात नाही. जुने पार्ट मागितले तर "भंगारात गेले". पक्कं बिल मागितलं तर वहीच्या कागदावर 'स्टिअरिंग काम' एवढंच लिहून दिलं. बॉक्स मात्र काळ्या रंगात चकाचक, एकदम नवा वाटत होता.

आता खरी गोष्ट. गाडी हातात आली तेव्हा सरळ रस्त्याला बरी, प्ले बराच कमी झालेला. पण वळण घेतलं की स्टिअरिंग जड व्हायचं आणि वळण संपल्यावर आपोआप सरळ यायचं नाही, हातानं ओढून आणावं लागायचं. केजला सासरवाडीला जाताना मांजरसुंब्याच्या घाटात एका वळणाला स्टिअरिंग तसंच अडकून राहिलं आणि समोरून ऊसाचा ट्रक, बायकोनं डॅशबोर्ड धरून ठेवला होता, कशीबशी गाडी आत घेतली. फोन केला तर मिस्त्री म्हणतो, "नवा माल आहे, बसायला टाइम लागतो, पळवा थोडी."

ते बसणं-बिसणं काही नसतं. आमच्या बीडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं, मामा म्हणतो मी त्यांना, माझ्यासमोर बॉक्स खोलला आणि नीट समजावून सांगितलं. गाडी जास्त वेळ सरळच चालते, म्हणून वर्म मधोमध जास्त झिजतो अन दोन्ही बाजूला कमी. झाकणावर एक ॲडजस्टिंग स्क्रू असतो, तो आवळला की मधला प्ले झाकला जातो, पण बाजूला जिथं झीज नाही तिथं गिअर एकमेकात आवळून बसतात, म्हणून सरळला गुळगुळीत आणि वळणाला जाम. माझा स्क्रू जवळजवळ शेवटपर्यंत आत घातलेला होता. आतमधी ऑईलच्या जागी निस्तं ग्रीस ठासलेलं, शिळ्या पिठल्यासारखं घट्ट, कारण फाटक्या सीलमधून ऑईल गळलं असतं अन लगेच बिंग फुटलं असतं. मामांनी ग्रीस पुसून वर्म उजेडात धरला तर मधल्या भागात नखाला लागतील असे खड्डे, आणि सीलची कड कडक होऊन चिरलेली. रंग तर इतका घाईत मारलेला की बोल्टच्या बुडाला जुना चिखल रंगाच्या खालीच होता.

आन वर एक गोष्ट अशी की सुरुवातीचा निम्मा प्ले बॉक्सचा नव्हताच! टाय रॉडचा (पुढची दोन्ही चाकं जोडणारा दांडा) डावा एंड, म्हणजे टोकाचा सांधा, ढिला होता, गॅरेजवाल्यानं बघितलाच नाही, कारण एंड बदलून साडेचौदा हजार मिळत नाहीत.

मामांनी शिकवलेली तपासणी इथं लिहितो, दोन माणसं लागतात, खर्च शून्य. चाकं जमिनीवर, इंजिन बंद, एकानं स्टिअरिंग हळूहळू डावीउजवीकडं हलवायचं, दुसऱ्यानं खाली बघायचं. बॉक्समधी जाणारा शाफ्ट फिरतोय पण ड्रॉप आर्म (बॉक्समधून बाहेर आलेला, चाकांकडची लिंक ओढणारा लोखंडी हात) हलत नाही, तर प्ले बॉक्समधी. ड्रॉप आर्म हलतोय पण चाक हलत नाही, तर एंड, लिंक नाहीतर किंग पिन (ज्याच्यावर चाक वळतं ती पिन) बघा. आणि बॉक्सच चेसिसवर हलत असंल तर आधी माउंटिंगचे बोल्ट बघा, ते लई जण विसरतात. हे कळल्याशिवाय बॉक्स कुणालाबी काढू देऊ नका. काम झाल्यावर ड्रॉप आर्मपासून लिंक सोडवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा, बरोबर मधोमध हलकासा घट्टपणा पाहिजे आणि दोन्ही बाजूला मोकळं फिरलं पाहिजे. उलटं असंल तर स्क्रू आवळलाय म्हणून समजा.

मी पैसे परत मागितले तर आधी "बघू", मग फोन उचलणंच बंद. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय, पाच लाखांच्या आतल्या प्रकरणाला फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत करता येते. पैसे फोनवरून दिले होते म्हणून तो पुरावा हातात आहे, रोख दिले असते तर त्या वहीच्या कागदावर काय सिद्ध होणार होतं. 1915 या ग्राहक हेल्पलाईनवरबी नोंद करता येते. मामांचं म्हणणं लेखी घेतलंय, वर्मचे अन सीलचे फोटो जोडलेत.

ज्यांनी हल्ली असंच रिबिल्ड करून घेतलंय आणि वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही, त्यांनी घाटात जायच्या आधी बॉक्सच्या झाकणावरचा ऑईलचा प्लग काढून आत स्वच्छ तार घालून बघा. जिप्सीच्या बॉक्समधी 90 नंबरचं गिअर ऑईल असतं. तारेला घट्ट ग्रीस लागलं तर गाडी तिथंच उभी करा अन बॉक्स तुमच्यासमोर खोलायला लावा.