पंधरा दिवसांसाठी आणलेलं पिल्लू : आठ महिन्यांनंतर

जुलैमध्ये मुलाच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक फोटो आला. सोलापुरातल्या होटगी रोडला पावसात भिजलेलं, मागचा एक पाय उचलून धरलेलं काळं मादी पिल्लू. खाली लिहिलेलं, "फक्त पंधरा दिवस कोणी सांभाळेल का? दत्तक घर बघतोय." आज फेब्रुवारी संपत आला. ते पिल्लू आता माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपलंय आणि पाय बधिर झाला तरी मला हलवत नाही. फॉस्टरिंगचा, म्हणजे दत्तक घर मिळेपर्यंत जनावर सांभाळण्याचा, विचार करत असाल तर पंधरा दिवस हा आकडा आधी डोक्यातून काढून टाका.

ज्यांच्याकडून आणलं त्या, भटक्या जनावरांना घरं शोधणाऱ्या गटाचं नाव लिहीत नाही, कारण थोड्या तक्रारीही करायच्या आहेत आणि पोरं मनानं फार चांगली आहेत. त्यांच्याकडे शेल्टर नाही. पाच-सहा कॉलेजची मुलंमुली, दोन पिंजरे, एक मोपेड, एवढाच कारभार. म्हणून तर त्यांना घरं लागतात. ठरलं असं की औषधपाणी, लसी त्यांच्याकडे. जागा, जेवण आणि साफसफाई आमच्याकडे. कागदावर हे सोपं दिसतं.

साफसफाईचंच सांगते. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसातून दहा-बारा वेळा शू करतं. आमच्या सोलापुरात नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांआड. बाकी दिवस टाकीतलं पाणी मोजून वापरायचं आणि त्यात ही बाई दर तासाला नवीन जागा शोधणार. पहिल्या आठवड्यात बादली बादली पाणी ओतून मी रडकुंडीला आले. मग यांनी कारखान्यातून डॅमेज टॉवेलचा गठ्ठा आणला. विणीत चूक झालेले, पण पाणी शोषण्यात एक नंबर. शू केली की कोरडा टॉवेल दाबायचा, मग ओल्या फडक्याचा एकच हात. टॉवेल साठवून पाण्याच्या दिवशी एकदम धुवायचे. सोलापूरकरांना टॉवेलची काय कमी! बाहेरगावच्यांनी जुन्या चादरी जमवून ठेवा.

आता मुख्य तक्रार. पिल्लू देताना "व्हॅक्सिनेशन झालंय काकू" असं सांगितलं गेलं. दहाव्या दिवशी खेळता खेळता तिचा दात माझ्या अंगठ्यात घुसला, रक्त आलं. लसीचं पुस्तक उघडलं तर त्यात एकच स्टिकर, पार्वो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजारांवरच्या लसीचा. त्या लसीचा पहिला डोस सहा-आठ आठवड्यांना आणि बूस्टर त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी असतो. रेबीजची लस मात्र साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. म्हणजे रस्त्यावरून आलेलं हे पिल्लू, दुधाचे दात सुईसारखे, आणि रेबीजची लस अजून व्हायचीच होती. त्या पोरांना हे माहीत नव्हतं असं नाही, पण सांगायचं राहिलं. मी सिव्हिलला जाऊन इंजेक्शनं घेतली, 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. पिल्लाला काही झालं नाही, मलाही नाही. पण तो महिना ती शिंकली तरी माझ्या पोटात गोळा यायचा. तुम्हाला कुणी "लस झालीय" म्हटलं तर कुठली, कितवी आणि कधी हे पुस्तक हातात घेऊन विचारा. आणि दात लागलाच तर आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा, टाकीत पाणी कमी असलं तरी.

चावरेपणावरचा आमचा उपाय अस्सल गावठी होता. कडक भाकरी! दात येताना चघळायला तिला ज्वारीच्या कडक भाकरीचा तुकडा द्यायचा, पाऊण तास शांतता. फक्त कोरडाच. शेंगाचटणीत लसूण असतो आणि कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतो, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गटाने पाठवलेल्या आहाराच्या तक्त्यात सगळं चिकन. आमच्या घरात अंडंही येत नाही, हे देण्याआधी कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी भात, पातळ वरण, दही, पनीर आणि एक अंडं असा मार्ग काढला. अंडं मी मागच्या पडवीत वेगळ्या भांड्यात उकडते. सासूबाईंना माहीत आहे, पण त्या तेव्हा बरोबर देवघरात असतात.

सासूबाईंची पहिल्या दिवसाची अट होती, कुत्रं उंबऱ्याच्या आत येणार नाही. ती तीन आठवडे टिकली. नोव्हेंबरात चंपाषष्ठी आली. आमचं कुळदैवत खंडोबा, दरवर्षी बाळे इथल्या त्याच्या देवळात जातो. नैवेद्य भरीत-रोडग्याचा, आणि खंडोबाच्या कुत्र्याला त्यातला वाटा ठेवायचा असतो. इतकी वर्षं तो रस्त्यावरच्या कुठल्याही कुत्र्याला जायचा. या वेळी भरतात कांद्याची पात पडायच्या आधी सासूबाईंनी चमचाभर भाजलेलं वांगं बाजूला काढलं, वर सुका रोडगा ठेवला आणि ताटली जमिनीवर ठेवून मला म्हणाल्या, "डॉक्टरला विचार, वांगं चालतंय का." मी खरंच फोन केला. थोडं चालेल म्हणाले. तिने रोडगा खाल्ला, वांगं हुंगून सोडून दिलं. "देवाचं जनावर आणि नखरे बघ," म्हणत त्यांनी ताटली उचलली.

सप्टेंबरात गोचीडताप झाला. खाणं बंद, हिरड्या पांढुरक्या, पोटावर लाल ठिपके. प्लेटलेट खाली आलेल्या. डॉक्सीसायक्लिन 28 दिवस. नेमक्या त्याच वेळी पोरांच्या परीक्षा, दोन दिवस कुणी फोन उचलला नाही. बिल मी भरलं. नंतर त्यांनी निम्मे पैसे परत केले, तेही न मागता, पावतीच्या फोटोसह. पैशाच्या बाबतीत गट चोख आहे. पण गट म्हणजे शेवटी पाच-सहा माणसं, आणि त्यांना सबमिशन असतं, व्हायवा असतो. आपला जवळचा डॉक्टर आणि हाताशी चार-पाच हजार रुपये असल्याशिवाय पिल्लू आणू नका. एरवी महिन्याचा खर्च आमच्याकडे दोन हजारांच्या आसपास जातो.

नसबंदी डिसेंबरात गटानेच सवलतीत करून दिली. दहा दिवस गळ्यात तो प्लास्टिकचा कर्णा घालून ती सगळ्या दारांना धडकत होती. रस्त्यावरच्या कुत्र्यांना नसबंदीची खूण म्हणून कानाला कट देतात, तिलाही द्यायचा का असं विचारलं, मी नको म्हटलं. घरात राहणारं जनावर, पट्टा आहे, पुस्तक आहे. यावर एका मुलीने माझ्याशी वाद घातला, की ती कधी हरवली तर? मुद्दा बरोबर होता. तरी नाही दिला.

दत्तक घरांबद्दल. आठ महिन्यांत तीन चौकश्या आल्या. एकाला शेतात साखळीला बांधून राखणीला पाहिजे होती, गटाने घर बघायला जाऊन सरळ नकार दिला. तेव्हा या पोरांबद्दल खरा आदर वाटला. दुसऱ्यांना पिल्लू आवडलं, "पण काळं नको". तिसऱ्यांनी एक व्हिडिओ मागवला आणि गायब झाले. तिच्याबरोबर सापडलेला तांबूस भाऊ मात्र आठवड्यात गेला. दिसायला दोघं सारखीच होती, रंग तेवढा वेगळा.

आवाजाची तिला भयंकर भीती. गणपतीत लेझीम-हलगीला कान टवकारले एवढंच, पण दिवाळीत चार तास वॉशिंग मशीनमागे. म्हणून गड्ड्यात, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेत, शोभेच्या दारूकामाच्या रात्री आधीच तयारी केली. संध्याकाळी लवकर फिरवून आणलं, आतली खोली, खिडक्या बंद, आणि भर जानेवारीत कूलर फुल स्पीडवर. आम्ही स्वेटर घालून बसलो, ती झोपली.

गेल्या रविवारी गटाला सांगितलं की आता घरं बघू नका. पोरांनी दत्तकाचा फॉर्म पाठवला. घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांच्या सह्या लागतात, सासूबाईंनी सगळ्यात आधी केली. अडलंय ते नावाच्या रकान्यात. गटाने तिचं नाव ठेवलं होतं लुना, लसीच्या पुस्तकातही तेच आहे. पण त्या नावाला तिने आजवर मान वळवलेली नाही. मुलगा पहिल्या दिवसापासून तिला आपल्या मित्रांना मारतो तशी हाक मारतो, "काय बे, ये बे". तिला पक्कं वाटतं की आपलं नाव बे. सासूबाई म्हणतात, सरकारी कागदावर असलं काही लिहायचं नाही. हा सरकारी कागद नाही, हे त्यांना पटत नाही. फॉर्म फ्रीजवर ठेवलाय.